पाखऱ्याची नस

त्र्याण्णवच्या दिवाळीपासून श्रीगोंद्याच्या रंगनाथचा शर्यतीचा बैल पाखऱ्या लंगडत होता. “नस कापा, म्हंजी खूर दुखनार न्हाई,” रंगनाथनं गुरांच्या डॉक्टरला गळ घातली. “अरे, नस नुसतं दुखणंच सांगत नाही. झिजलेलं हाड भरायलाही तीच लावते. ती गेली की हाड आतून पोकळ होईल.” “चैत्रातल्या जत्रेपुरतं टिकलं तरी लई झालं.” डॉक्टरनं नस कापली. जत्रेतल्या शर्यतीत पाखऱ्या सुसाट सुटला. निम्म्या वाटेत हाड कडकन मोडलं, खूर उलटा लोंबू लागला, तरी तो पळतच राहिला आणि पहिला आला. वेदनेचा मागमूस नसलेला पाखऱ्या गुलालात तीन पायांवर उभा राहून रंगनाथचा हात चाटू लागला. रंगनाथला हुंदका आवरेना. तेवढ्यात शेजारच्या गावचा गाडीवान कानाशी लागला. “नस कुनाकडनं कापली? माझाबी बैल लंगडतोय.” डोळे पुसत रंगनाथनं पत्ता सांगितला.