दहापैकी नऊ

केशॉनची रॅप गाण्यांची मिक्सटेप गाजतेय, असं तो स्वतःच गावभर सांगत फिरतो. परवा आमच्या मेम्फिसच्या सलूनमध्ये घुसला आणि कुणी विचारलेलं नसताना फोनवरचं परीक्षण मोठ्यानं वाचायला लागला.

"ल्युथर काका, ऐका! न्यूयॉर्कचा समीक्षक लिहितो, 'सख्खा भाऊ गोळीबारात गमावल्याचं इतकं अस्सल दुःख आजवर रॅपमध्ये आलं नव्हतं.' दहापैकी नऊ दिलेत!"

काका वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत राहिले. "काल तुझी टेप ऐकून चर्चच्या बायका सांत्वनाला तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन तुझ्या आईच्या दारात रडत उभ्या होत्या. ती बिचारी चक्कर येऊन पडली."

"अहो, रॅप आहे ते. थोडं तिखटमीठ लावावंच लागतं."

काकांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा गरम टॉवेल उचलला. "मार्केल, ऐकलंस? तुझ्या मरणाला नऊ मार्क पडलेत."

मार्केलनं धाकट्या भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"टॉवेल टाका परत, काका. याच्यापुरता मी मेलोच."