बाहेरच बसलीय

देवळ्याहून नाशकात आलेल्या लंकाबाई समुपदेशक बाईंच्या बंद दाराबाहेर जिन्यावर बसल्या होत्या. मुलगा म्हणून जन्मलेली त्यांची सृष्टी आत बोलत होती. साडी नेसली म्हणून गावानं दगड मारले, तेव्हापासून पोर मरायचंच बोलायची. “घरात तुझ्या बाजूनं कोण?” बाईंनी विचारलं. “आई आहे ना. बाहेरच बसलीय.” लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात बाईंकडे तृतीयपंथी येतात म्हणून इमारतीतले रहिवासी तावातावानं वर आले. “मावशी, या छक्क्यांत तुमचं कुणी आहे?” “नाय, बाबा. दम लागला म्हणून टेकले.” आतला आवाज थांबला. रहिवाशांनी दारातल्या सृष्टीच्या चपला उचलून गटारात भिरकावल्या. लंकाबाई बघत राहिल्या. दार उघडलं. सृष्टी चपला शोधू लागली, तेव्हा लंकाबाईंनी स्वतःच्या काढून तिच्यापुढे सरकवल्या. सृष्टीनं त्या माणसांकडे पाहिलं. “राहू द्या, मावशी,” ती म्हणाली आणि अनवाणीच जिना उतरली.