डावं बटण

थप्पड बसली तेव्हा मुलीच्या हातात आलेखाचा कागद होता. ओठ दातावर आपटून फुटला. रक्ताचा एक थेंब कागदावर पडला, अकराव्या आणि बाराव्या वर्षाच्या मधे.

"परत बोल," आई म्हणाली. "डबे मोजणारीला काय कळतंय, ते परत बोल."

मुलीने आईला ढकललं. आई मांडणीवर आदळली, वरची भांडी धडाधड खाली आली. बाबा मधे पडले, तर त्यांच्याही बरगडीत कुणाचंतरी कोपर बसलं.

कागदावर दोन रेषा होत्या. आत्तापासून पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलं तर आयुष्यभरात किती मिळेल, ती निळी. कर्ज काढून गणिताची पदवी घेतली तर किती, ती लाल. अंदाजपंचे काही नव्हतं. मुलीने कॉलेजच्या तेवीस माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहून पगार विचारले होते. एकोणीस जणांनी कळवले.

"आणि उरलेले चौघं?" आईने विचारलं होतं.

"उत्तर आलं नाही. त्यांचा पगार शून्य धरलाय."

"शून्यच असणार. तिकिटाला पैसे नसतील."

लाल रेषा आधी शून्याच्या खाली बुडायची, हप्ते आणि व्याज ओढत खालूनच सरकायची आणि निळीला थेट चौदाव्या वर्षी गाठायची. "चौदा वर्षं पाण्याखाली," आई म्हणाली होती. "तू काय मासा आहेस?" त्यावर मुलगी ते डब्यांचं बोलून गेली होती.

बाबा भांडी गोळा करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कर्ज निम्मं असतं तर?"

"सहाव्या वर्षी." मुलीने मनगटाने ओठ पुसला. "पण निम्मं नाहीये."

आईने कागद हिसकावला आणि उभा-आडवा फाडला.

मुलीने तो परत काढला नाही. आकडे आईच्या बाजूने होते आणि आकड्यांशी भांडायची तिला सवय नव्हती. सोमवारी ती पॅकिंगला लागली. प्रवेशाचा फॉर्म गादीखाली कोराच राहिला. मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

आई-बाबा त्याच कारखान्यात, प्रेसवर होते. बाबा पत्रा सरकवायचे, दोन्ही हातांनी दोन हिरवी बटणं दाबायचे आणि वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली यायचा. आई डावीकडे उभी राहून तयार झाकणं काढायची, मोजायची, रचायची. हजेरीच्या घड्याळाशेजारी भरपाईचा तक्ता लावलेला होता. कोणतं बोट गेलं तर किती मिळणार, ते त्यावर छापलेलं होतं. जुने कामगार त्यावरून एकमेकांना चिडवत. "ह्याचं घर अंगठ्याचं. माझी मोटरसायकल नुसत्या करंगळीची."

अकराव्या दिवशी, सकाळच्या चहाला दहा मिनिटं असताना, प्रेसचा ठोका पडला आणि पुढचा पडलाच नाही. मग ओरडणं ऐकू आलं. मुलगी धावत पोचली तेव्हा झाकणांच्या चळतीवरून रक्त ओघळत होतं. बाबा जमिनीवर बसले होते, चेहरा पत्र्यासारखा पांढरा. आई त्यांच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ठोकळ्याखालीच राहिलं होतं. आई रडत नव्हती. तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

"डावं बटण दाबलेलंच अडकून राहिलं होतं. बरोबर?" सुपरवायझरने विचारलं. त्या प्रेसची तपासणी दोन वर्षं झाली नव्हती. त्यालाही घाई होती.

"बरोबर," आई म्हणाली.

कारखान्याला गवगवा नको होता. चेक आठवड्याच्या आत आला. तो कर्जाच्या जवळजवळ निम्मा होता. बाबांनी तो उजव्या हाताने मुलीपुढे सरकवला. "आता मांड."

तिने मांडलं. सहावं वर्ष.

उत्तर बरोबर होतं, तरी गणित सुटल्यासारखं वाटेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला फिटर चहा पिताना कुरकुरला, "बटण ठणठणीत आहे. उगाच उघडायला लावलं मला." जेवणाच्या सुट्टीत ती बंद प्रेससमोर जाऊन उभी राहिली. एकच बटण दाबलं तर ठोकळा हलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बटणं इतकी लांब बसवली होती ती त्याचसाठी, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. तिने डावा हात ठोकळ्याखाली धरला आणि उजवा उजव्या बटणावर ठेवला. मग डावं बटण गाठायचा प्रयत्न केला. कोपराने. गुडघ्याने. हनुवटीनेसुद्धा. तिने तीनदा मोजलं. तीन हात लागत होते.

संध्याकाळी बाबा औषधाच्या गुंगीत झोपले होते. आई कांदा चिरत होती, डाव्या हाताने, वेडावाकडा. अपघातापासून ती सगळं डाव्या हातानेच करायची. उजवा मुरगळलाय म्हणायची.

"प्रेस खाली यायला तीन हात लागतात, आई."

सुरी थांबली.

"फॉर्म भरलास?" आईने विचारलं.

"नाही."

"मग भर." तिने उजवा हात मांडीखाली आणखी आत सरकवला. "तुझे बाबा म्हणाले होते, 'मी तीन म्हटलं की दाब.' मी दोनलाच दाबलं." ती पुन्हा चिरायला लागली. "मी तीनपर्यंत थांबले असते, तर माझ्याने दाबवलं नसतं."