पेशी मेल्या!

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि संशोधक पोरगी खुर्चीसकट गर्रकन फिरली. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर तिनं आजवर नाही नाही ती औषधं टाकून पाहिली होती, पण त्या मेल्या मरायला तयार नव्हत्या. या वेळी तिनं कोलेस्टेरॉल उतरवणारं साधं औषध टाकलं होतं. तिनं पुन्हा पाहिलं. बशीत सामसूम होती. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशी मात्र मजेत होत्या. तिनं नाचतच आईला फोन लावला.

"आई, पेशी मेल्या!"

"काय? मावशी मेली?" आई किंचाळली. "अगं, ही काय माझ्यासमोर बसलीय!"

"कोण मेलं?" मागून मावशीचा आवाज आला.

"तू, म्हणे."

"मेले? आणि मला कुणी सांगितलं नाही ते!"

तिघीही खो खो हसत सुटल्या. पोरीला तर ठसकाच लागला. मग मावशीनं फोन ओढून घेतला. "कसल्या पेशी गं?"

"तुझ्या आजाराच्या, मावशी. बाबा कोलेस्टेरॉलसाठी गोळी घेतात ना, त्याच औषधानं! पण हे अजून बशीतच आहे हं. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील."

पलीकडून मावशीच्या सलाइनच्या यंत्राची टिकटिक ऐकू आली.

"मग माझ्याशी गप्पा काय मारत बसलीयेस?" मावशी खेकसली. "फोन ठेव आणि कामाला लाग!"