पाळीचं पान

दुपारी दीड वाजता मतं सतरा-सतरा झाली. ऋतिका धुळ्यात, कॉलेजच्या ग्रंथालयात डबा उघडून बसली होती. पोळी तशीच राहिली. 'गावची चावडी' हा ग्रुप एरवी केळीचे भाव, लाइटचं वेळापत्रक आणि लग्नपत्रिका यांवर चालायचा. आज सकाळी हितेंद्रने, गावच्या शाळेत शिकवणाऱ्या तिच्या चुलतभावाने, त्यात मतदान टाकलं होतं. पुस्तक मंडळ सुरू करायचं का? खाली नियम होते; शेतात असलेल्यांसाठी ते त्याने बोलूनही टाकले होते. दर रविवारी प्रत्येकाने पाळीने एक पान मोठ्याने वाचायचं आणि तो आवाज ग्रुपवर पाठवायचा. पहिला मान वयाने थोरांचा. पहिलं पान गिरधर नानांचं.

गिरधर नाना म्हणजे तिचे वडील. त्यांचं मत सगळ्यात आधी पडलं होतं, 'नाही'. मागोमाग त्यांचा आवाज आला. ग्रुपवर ते नेहमी बोलूनच पाठवायचे.

"पुस्तकं वाचीसन केळीना घड मोठा होतीन का रे? भाव टाका, भाव."

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. गावातल्या पितांबरभाऊंनी लिहिलं, "पोरगी ग्रंथपाल आणि बाप पुस्तकाचा वैरी." मग हितेंद्रने लिहिलं, "ताई, तुमचं मत राहिलं. आता तुमच्यावरच आहे."

सगळा गाव आपल्याकडे वळून बघतोय, असं तिला वाटलं.

ती दुसरीत असल्यापासून नाना म्हणायचे, चष्मा सापडत नाही, तू वाच. मग ती बियाण्याच्या पिशवीवरचं वाचायची, फवारणीच्या डब्यावरचं वाचायची, पीककर्जाच्या सोसायटीची नोटीस वाचायची. दहा वर्षांची असताना तिने तो चष्मा कोनाड्यातून काढला आणि डोळ्यांवर लावून पाहिला. आठवडी बाजारातला, साध्या काचेचा. त्याला नंबरच नव्हता. तिने तो पुसून जागेवर ठेवला. त्यानंतरही चष्मा हरवत राहिला आणि ती वाचत राहिली. भावाचे आकडे नानांना कळायचे. अक्षरं येत नव्हती. हे तिने कधी म्हटलं नाही, त्यांनीही नाही.

आज मात्र तिला राग आला. तिचा सगळा जन्म ज्यात गेला, त्याची ते गावासमोर चेष्टा करत होते. का करत होते, तेही तिला कळत होतं. तरी तिने 'हो' दाबलं.

ताईंचं 'हो', मंडळ ठरलं, असं हितेंद्रने लगेच ग्रुपवर बोलून टाकलं. दोन मिनिटांत नानांचा फोन आला.

"तू बी हो म्हणनी?"

"त्यात वाईट काय आहे, नाना?"

पलीकडे विहिरीवरची मोटर चालू होती.

"काही नही. मना चष्मा सापडत नही, इतलंच."

टेबलापाशी दोन विद्यार्थी पुस्तकं बदलायला येऊन उभे होते. तिने डबा बंद केला.

"मग नवा करून घ्या."

"हा," नाना म्हणाले. "ते बी खरं शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापून काढता काढता नाना बांधावर टेकले ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं. तिच्या आईने, पुष्पाबाईंनी, फोटोपुढे नानांचा चष्मा ठेवला. येणारेजाणारे त्याला हात जोडत. ऋतिकाला तिकडे बघवत नव्हतं. ग्रुपचा आवाज झाला की ती फोन उलटा ठेवायची. मग एका संध्याकाळी हितेंद्रने लिहिलं, "नानांचा विरोध होता, पण माणूस दिलदार. मंडळ त्यांच्याच नावाने काढू. येत्या रविवारी सुरुवात." खाली अंगठेच अंगठे.

तिने उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. गप्प राहावं, तर नाना गावात पुस्तकाचे वैरी म्हणूनच राहणार. बोलावं, तर त्यांनी आयुष्यभर झाकलेलं तिच्याच हातून उघडं पडणार.

रविवारी ती गावीच होती. हितेंद्रने नियमाप्रमाणे पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला. "नानांनंतर थोर म्हणजे बेबाअक्का. अक्का, करा सुरुवात." बेबाबाई शेजारच्या गल्लीत राहायच्या. त्यांचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"मना चष्मा सापडत नही रे भाऊ. दुसराना नंबर लाव."

ऋतिकाने तो आवाज पुन्हा ऐकला. तोवर हितेंद्रचं उत्तर आलं होतं.

"मग नवा करून घ्या की, अक्का." पुढे हसरा चेहरा. त्याखाली आणखी सात.

तिने ग्रुपमध्ये मागे सरकत जाऊन ते जुनं मतदान उघडलं आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली. नाना. बेबाबाई. भिकुबाई. शेवंताबाई. सतरांतल्या अकरा जणांनी त्या ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. सगळे बोलूनच पाठवायचे.

तिने फोटोपुढचा चष्मा उचलून हातात घेतला. पुष्पाबाई दारातून बघत होत्या. तिने फोन तोंडाजवळ नेला आणि बटण दाबून धरलं.

"मी ऋतिका बोलतेय. अक्का, चष्मा शोधू नका. कुणीच शोधू नका. सगळी पानं मी वाचते, तुम्ही ऐका." बोट तिने उचललं नाही. "आमच्या नानांना वाचता येत नव्हतं. मला माहीत होतं, आणि तरी मी 'हो' म्हटलं."