विषयावर बोला

'भारत महासत्ता कधी होणार?' हा आजचा विषय होता आणि भगवानराव वर्ष सांगण्याच्या अगदी बेतात आले होते. माजी सभापती माणूस. बोलायला बसला की माईकलाही घाम फुटावा. समोर बसलेल्या सत्यशीलाने मान डोलावत फोनचं बटण दाबलं.

"नमस्कार! 'जनतेचा पार' कार्यक्रमात आपलं स्वागत. कोण बोलतंय?"

"मी सुनिता बोलायले. कर्नाटकातून. ऊसतोडीला आलोय आमी."

सत्यशीलाला मनापासून बरं वाटलं. या रेडिओचा आवाज हायवेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पंचवीस गावांपलीकडे जात नाही, आणि फोन थेट कर्नाटकातून!

"वा! मग सुनिताताई, तुम्हाला काय वाटतं? आपला देश महासत्ता कधी होईल?"

"माझ्या लेकीचं लगीन लावायलेत आज. दुपारी. तेरा वर्षाची हाय ती, आठवीला हाय. थांबवा वो ताई."

"ताई, विषयावर बोला," सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं. रोजची सवय. पण शब्द बाहेर पडला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"विषयाचं मला काय कळत न्हाई. पोरीचा फोन थोरल्या दिरानं काढून घेतलाय. दुसरं कुणी उचलंना. आमचे मालक गेले लग्नाला अन् मला हितंच फडावर ठिवलं. आई आली तर रडारड करंल म्हणले. गावाकडं लोक तुमचा रेडिओ ऐकत्यात म्हणून तुमाला लावला. तुमी बोललात तर कुणीतरी उठंल."

भगवानरावांनी माईक स्वतःकडे ओढला. "ताई, मी भगवानराव बोलतोय. ज्या देशात तेरा वर्षांची लेक बोहल्यावर चढते, तो देश कसली महासत्ता होणार? हे मी होऊ देणार नाही. मी स्वतः जातो तिथं. शब्द देतो तुम्हाला. फक्त गाव सांगा."

त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. खोटं कशाला बोला, सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या पाहुण्यांमध्ये पहिल्यांदाच कुणी उठून जायची भाषा केली होती.

"चौसाळ्याच्या अलीकडं, साहेब. सुग्रीव आबाची वस्ती. आबाच माझे थोरले दीर."

भगवानराव माईकपासून मागे सरले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बोटानं गाणं लावायची खूण केली. "लाईनवरच थांबा ताई," म्हणून सत्यशीलाने गाणं लावलं. गाणं देशभक्तीचं होतं, विषयाला धरून.

"काय झालं साहेब?"

"सुग्रीव आपला कार्यकर्ता हाय," भगवानराव खिशातला रुमाल शोधत म्हणाले. "हितून त्याच्याकडंच निघालोय मी. अक्षदा टाकायला. पोरगी एवढी लहान आसंल, कुणाला ठावं?"

"आता कळलं ना."

"आता कळून काय उपेग? मांडव पडला, वऱ्हाड आलं, पंगती बसल्या असतील. आज मोडलं तर पोरीचंच नाव खराब व्हतंय. मग कोण करंल तिला?"

"आठवीला हाय ती, साहेब. मी ग्रामसेवकाला फोन करते. असं लग्न थांबवणं त्याचंच काम आहे."

"करा की. खाली माझ्याच गाडीत बसलाय तो."

"मग रेडिओवर सांगते. गाणं बंद करून आत्ता सांगते."

"सांगा. वस्तीवर सकाळपासून डीजे लागलाय. कोण ऐकतंय तुमचा रेडिओ?" ते उठले. दारात जरा घुटमळले. माणूस अगदीच दगड नव्हता. "मी बोलतो सुग्रीवला. दोन वर्षं नांदायला धाडू नको म्हणतो." एवढं बोलून त्यांना बरंच हलकं वाटलं असावं, कारण जिना उतरताना ते कुणाशी तरी हसले.

सत्यशीलाने गाणं तोडलं आणि वस्तीचं नाव घेऊन सगळं सांगितलं. जो कोणी ऐकत असेल त्यानं उठावं म्हणाली, हात जोडते म्हणाली. गाणं पुन्हा लावून तिने पोलिसांना फोन केला. गाडी गेवराईकडे वाळूच्या भांडणात अडकली आहे, मोकळी झाली की लगेच पाठवतो, असं पलीकडच्या हवालदाराने सांगितलं. तो चांगलं बोलला. पण मुहूर्त काही गाडीसाठी थांबत नसतो.

फोनवरचा दिवा अजून लुकलुकत होता. सुनिता लाईनवरच होती.

"ताई, मधीच आवाज बंद झाला. हितं फडात तुमचा रेडिओ येत न्हाई. काय झालं मग? साहेब जातो म्हणलते ना?"

सत्यशीलाने खिडकीतून खाली पाहिलं. भगवानराव गाडीशी वाकून उभे होते आणि ग्रामसेवक त्यांना फेटा बांधत होता. शेवटचा पदर नीट बसेना म्हणून त्याने तो पुन्हा सोडला. मग दोघं गाडीत बसले आणि गाडी चौसाळ्याच्या दिशेने वळली.

"ताई? निघाले का वो साहेब?"

तिला खरं सांगायचं होतं. पण सांगून त्या बाईने तिथं, उसाच्या फडात, काय करायचं होतं?

"निघाले," सत्यशीला म्हणाली.

"देवमाणूस हाय बगा. तेवढं त्यांना सांगा, माझी लेक लाजाळू हाय. मांडवात तोंड उघडायची न्हाई. त्यांनीच जवळ घेऊन इचारावं."

फोन कट करायचं सुनिताच्या ध्यानात राहिलं नाही. आवाज लांब गेला. फडातल्या बायांना ती ओरडून सांगत होती, "निघाले गं साहेब! सोता निघाले!"