पेपर सोडून

अमरावतीच्या कॉलेजात पालकसभा झाली, तेव्हा मॅडमनी बजावलं होतं : मुलं आधीच दडपणाखाली असतात, त्यांना पेपरचं विचारू नका. देऊळघाटला परतताना दीपमालानं बसमध्येच नवऱ्याला शपथ घातली. मागच्या सेमिस्टरला त्यांच्या धम्मशीलाचं गणित राहिलं होतं.

आज पुन्हा गणित. संध्याकाळी प्रेमानंदनं पोरीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"जेवली का, माय?"

"हो."

(पेपर नाही विचारायचा.)

"पाणी येते का होस्टेलले?"

"येते."

(नाही विचारायचा.)

"पंखा?"

"चालू हाय, बाबा."

प्रेमानंद उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. दीपमाला फोन धरून त्याच्या मागं. विचारायला आता काहीच उरलं नव्हतं.

"मंग... थे मेसपुढचं कुत्रं कसं हाय?"

दीपमालानं कपाळावर हात मारून घेतला.



"बाबा, रूममधल्या साऱ्या पोरीयले घरून पेपराचंच इचारतात. फोन ठेवला का त्या लय चिडतात." धम्मशीलाचा आवाज फाटला. "तुम्ही एकडाव बी इचारलं नाही, आईनं बी नाही. मी पास होईन, असं तुम्हाले वाटतच नाही का?"